तळ्याला हात न लावता तळं कसं संपतं?

जुलै उजाडला की बेळगावच्या मराठी पेपरांत दोन बातम्या ठरलेल्या. पहिली राकसकोप जलाशयाची: आज पातळी किती फूट, २४७५ गाठायला किती उरलं. दुसरी बळ्ळारी नाल्याची: पाणी शहापूर-वडगावच्या शिवारात शिरलं, लावलेलं रोप कुजलं. पहिली वाचून बरं वाटतं, दुसरी वाचून हळहळ होते. त्याच पेपरात जाहिरातीच्या जागेत तिसरी गोष्ट असते. शहरापासून दहा मिनिटं, समोर तलाव, मागं डोंगर, एनए प्लॉट, कर्जाची सोय.

त्या जाहिरातीचा या दोन बातम्यांशी काय संबंध, हा प्रश्न आमच्या गावात वेगळ्या शब्दांत आला. गाव शहराच्या पश्चिमेला. नाव मुद्दाम देत नाही. तळ्याच्या वरच्या माळावर पाडलेल्या प्लॉटांवरून ग्रामसभेत तोंडातोंडी चालली होती. तेवढ्यात एक तात्या उठले. ‘‘तळं खाली, प्लॉट वर. मध्ये अर्धा मैल अंतर. तळ्याला कुणी हात तरी लावलाय काय? मग आरडाओरडा कशाला?’’

कुणालाच नीट उत्तर देता आलं नाही. मलाही नाही. नंतर चार ठिकाणी विचारून, नकाशे मिळवून, पावसात भिजून जे कळलं ते इथं सांगतो.

## आढं, पन्हळ आणि हंडा

जुनं कौलारू घर डोळ्यांसमोर आणा. मधोमध आढं. आढ्याच्या अलीकडे पडलेला थेंब अंगणात उतरतो, वीतभर पलीकडे पडलेला परड्यात. कौलांवरचं पाणी पन्हळीत येतं आणि पन्हळीखाली आईनं ठेवलेला हंडा भरतो. आता कुणी हंड्याला बोटही न लावता वरची चार कौलं काढली किंवा पन्हळ वाकडी केली, तर हंडा रिकामा राहणार. तळं म्हणजे तो हंडा. ज्या उतारावरचं पाणी वाहत येऊन त्या तळ्यात पडतं तो सगळा उतार म्हणजे त्या तळ्याचं पाणलोट क्षेत्र. यापुढे नुसतं पाणलोट म्हणू.

आढं खरोखर पाहायचं असेल तर कणकुंबीला जा. तिथं माउलीच्या देवळापाशी मलप्रभा उगम पावते आणि पूर्वेला कृष्णेकडे, म्हणजे शेवटी बंगालच्या उपसागराकडे जाते. त्याच परिसरातला कळसा नाला मात्र पश्चिमेला वळून म्हादईला मिळतो आणि गोव्यातून अरबी समुद्र गाठतो. कर्नाटक-गोव्याच्या कळसा-भांडुरा पाणीवादाचं नाव ऐकून ऐकून कान किटले असतील, पण त्या भांडणाच्या मुळाशी हे एवढंच आहे: आढ्याच्या एका बाजूचं पाणी दुसऱ्या बाजूला न्यायचं की नाही.

आढ्याला सरकारी सीमा कळत नाही. बेळगाव शहराची तहान भागवणारं राकसकोप मार्कंडेय नदीवर आहे, कर्नाटकात. पण त्याच्या पाणलोटात चंदगड तालुक्यातलं तुडयेही येतं, आणि ते महाराष्ट्रात. सत्तर वर्षं आपण ज्या रेषेवरून भांडतोय, ती रेष पाऊस रोज ओलांडतो.

## गिऱ्हाईक फेब्रुवारीत येतं, पाणी जूनमध्ये

पाणलोटात मोठी नदी फार तर एक असते. खरं काम करतात ते बारके ओहोळ आणि ओढे. त्यांना नाव नसतं, वर्षातले आठ महिने पाणीही नसतं. मार्च महिन्यात पाहिलं तर जरा खोलगट गवताळ पट्टा दिसतो, त्यात चार करवंदीची जाळी, एखादी म्हैस.

प्लॉट दाखवायला लोकांना आणतात ते नेमके याच दिवसांत. जेसीबीही याच दिवसांत चालतो. खोलगट पट्ट्यात दोन दिवसांत मुरूम पडतो, रोलर फिरतो आणि जागा कशी तळहातासारखी सपाट होते. माझ्या मते आपल्याकडच्या तळ्यांचं सर्वांत मोठं नुकसान या दोन दिवसांत होतं, आणि ते होताना कुणालाही काही वावगं दिसत नाही. तळ्यात कचऱ्याची गाडी रिकामी केली तर गाव गोळा होईल. ओढ्यात मुरूम टाकला तर उलट रस्ता चांगला झाला म्हणतील.

मग मृग बरसतो. ओढ्याला आपली वाट सापडत नाही. तो नवीन रस्त्याच्या कडेकडेनं धावतो, कुणाच्या तरी जोत्यावर आपटतो, खालच्या भातात शिरतो, आणि उरलेलं पाणी भलत्याच नाल्याला मिळतं. तळं अर्धं राहतं आणि शेजारचं शिवार बुडतं. एकाच वर्षी दुष्काळ आणि पूर दोन्हींची ओरड का होते, याचं निदान एक उत्तर इथं आहे.

## थोडा हिशेब

माती स्पंजासारखी असते हे आपण शाळेत शिकलोय, म्हणून त्याऐवजी आकडे मांडतो.

दहा एकर भातशेती घ्या. एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस झाला. आपल्या पश्चिम पट्ट्यात ही काही नवलाची गोष्ट नव्हे. एका एकरावर पडलेलं पाणी होतं सुमारे चार लाख लिटर. दहा एकरांवर चाळीस लाख. भाताच्या खाचराला वीतभर उंचीचा बांध असतो. खाचर रिकामं असेल तर हे सगळं पाणी तिथंच थांबू शकतं, कारण १०० मिलिमीटर म्हणजे जेमतेम चार इंच. भाताचं प्रत्येक खाचर हे एक उथळ तळंच आहे, फक्त त्याला कुणी तळं म्हणत नाही.

आता तिथं ले-आऊट आलं. छपरं, काँक्रीटचे रस्ते, पेव्हर बसवलेली अंगणं. उदाहरणापुरतं धरू की चाळीसातलं तीस लाख लिटर पाणी तासा-दोन तासांत वाहून गेलं. पाच हजार लिटरचे सहाशे टँकर एकाच वेळी गटारात रिकामे केल्यासारखं ते होईल. ऑगस्ट २०१९ मध्ये बेळगावात जे पाहिलं ते आठवा. तेव्हाचा पाऊस अफाट होता हे खरंच, त्याचा सगळा दोष प्लॉटांवर टाकणं खोटेपणा होईल. पण पाऊस तेवढाच असला तरी पाणी किती घाईनं खाली येतं, हे वरची जमीन ठरवते.

इथं शेतकरी मला अडवतील, आणि बरोबर अडवतील: जुलैच्या शेवटी खाचरं आधीच तुडुंब असतात, तेव्हा कुठलं पाणी थांबणार? खरं आहे, तेव्हा खाचरातलं पाणीही बांधावरून उतरतं. पण ते एका खाचरातून दुसऱ्यात, थांबत थांबत येतं, आणि मधल्या काळात जमिनीतही मुरत राहतं. त्या मुरलेल्या पाण्याचा उपयोग जानेवारीनंतर कळतो. पावसाळा संपल्यावरही तळ्यात पाणी टिकतं आणि विहिरींना झरे राहतात ते त्या मुरलेल्या पाण्यामुळे. टिळकवाडीतली काँग्रेस विहीर १९२४ च्या अधिवेशनासाठी खोदली, गांधीजी अध्यक्ष होते त्या अधिवेशनासाठी. जमलेल्या माणसांची तहान त्या काळी थेट जमिनीखालच्या पाण्यावर भागवायचं ठरलं. आज असं अधिवेशन भरलं तर कुणी विहीर खोदायचं सुचवील असं वाटत नाही.

## ‘‘सेप्टिक टँक आहेत की!’’

हा आक्षेप नेहमी येतो. प्रत्येक घराला सेप्टिक टँक, मग तळं घाण कसं होईल?

सेप्टिक टँक मैला नाहीसा करत नाही. जड गाळ तळाशी बसतो, वरचं पाणी बाहेर पडून शोषखड्ड्यात किंवा गटारात जातं. ते दिसायला बरं असलं तरी त्यात नत्र आणि स्फुरद विरघळलेलं असतं. शेतकऱ्याला हे शब्द खताच्या पोत्यावरून पाठ आहेत. म्हणजे तळ्याला कुणी न सांगता वर्षभर खताचा डोस चालू राहतो. शेतात खत टाकलं की पीक वाढतं, तळ्यात टाकलं की शेवाळ आणि जलपर्णी. अनुकूल हवेत जलपर्णी दोनेक आठवड्यांत दुप्पट होते. ती कुजते तेव्हा पाण्यातला प्राणवायू संपतो, मासे उलटे होऊन तरंगतात आणि आपण म्हणतो, कुणीतरी विष टाकलं.

शिवाय आपल्या पश्चिम भागात जांभा दगड आहे. जांभा सच्छिद्र, त्यातून पाणी झरझर उतरतं. वरच्या शोषखड्ड्यातलं पाणी गाळून निघायला वेळच मिळत नाही आणि खालच्या विहिरीत पोचतं. काळ्या रानात हा धोका वेगळ्या रूपात असतो: तिथं पाणी मुरतच नाही, शोषखड्डा भरून वाहतो.

## ‘‘रीतसर मंजुरी आहे, मग अडचण काय?’’

शेतजमिनीवर घर बांधायचं तर आधी ती बिगरशेती करावी लागते. कर्नाटक भूमहसूल कायद्याचं ९५ वं कलम त्यासाठीच आहे. मग ले-आऊटला मंजुरी लागते, शहराच्या हद्दीभोवती ती बहुधा बुडाकडून, म्हणजे बेळगावच्या नगरविकास प्राधिकरणाकडून. बाँडपेपरवर विकलेल्या प्लॉटांची गोष्टच निराळी, पण रीतसर मंजूर झालेल्यांतही एक मोठी फट राहते. अर्ज एका सर्व्हे नंबरचा असतो, कागद एका सर्व्हे नंबरचे तपासले जातात. वरच्या वीस सर्व्हे नंबरांतून येणारं पाणी इथून जाणार आहे का, हा प्रश्न त्या फायलीत कुणाचाच नसतो. वीस फायली स्वतंत्रपणे निर्दोष असू शकतात आणि तळं तरी कोरडं पडू शकतं.

इथं एक शब्द शिकून ठेवा: ब-खराब. उताऱ्यावर खराबा दोन प्रकारचा असतो. अ-खराब म्हणजे मालकाचीच, पण लागवडीला न येणारी जमीन. ब-खराब म्हणजे सार्वजनिक वापराची: ओढा, नाला, वाट, तळं, स्मशान. ती सातबाराच्या, म्हणजे आपल्याकडच्या पहाणीच्या, एकूण क्षेत्रात दिसते, पण मालकाला विकता येत नाही. प्लॉट घेताना पहाणीवर ‘ब-खराब’ पुढं गुंठे लिहिलेले असतील, तर ते गुंठे जमिनीवर नेमके कुठं आहेत हे विचारा. उत्तर देताना समोरचा अडखळला तर तिथं ओढा होता असं समजायला हरकत नाही.

काठापासून किती जागा मोकळी सोडायची, म्हणजे बफर, यावर बंगळूरचं उदाहरण लोक देतात. राष्ट्रीय हरित लवादानं २०१६ मध्ये तिथल्या तलावांभोवती ७५ मीटर बफर सांगितला होता. सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये तो रद्द करून शहराच्या विकास आराखड्यातलंच अंतर कायम ठेवलं. तेव्हा ‘७५ मीटरचा कायदा आहे’ असं ठोकून देऊ नका, समोरचा वकील हसेल. पाणथळ जागांच्या २०१७ च्या केंद्रीय नियमांवरही फार विसंबू नका. त्यांतून भातशेती वगळली आहे, आणि पिण्याच्या पाण्यासाठी किंवा सिंचनासाठी मुद्दाम बांधलेले तलावही. आपल्या शिवारातली बहुतेक तळी नेमकी याच वर्गात बसतात. आपल्याला जवळचा आधार आहे तो राज्याच्या २०१४ च्या तलाव संवर्धन कायद्याचा. त्यात अतिक्रमण, भराव आणि सांडपाणी सोडणं यांना मनाई आहे.

‘‘आता घरं झाली, काय करणार?’’ असंही म्हणतात. पंजाबातल्या एका गावतळ्यावर झालेल्या अतिक्रमणाच्या खटल्यात, जगपाल सिंग प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये सांगितलं होतं की बांधकामावर भरपूर पैसा खर्च झालाय म्हणून गावच्या सामाईक जमिनीवरचा कब्जा कायम करता येणार नाही. निकाल कडक आहे. पण प्रत्यक्षात उभी घरं पाडणं कुणालाच सोपं नसतं, आणि पाडली तरी त्यात भरडतो तो शेवटचा खरेदीदार, पहिला विकणारा नव्हे. म्हणून जे करायचं ते मुरूम पडण्याआधी.

## गाळ, फरसबंदी आणि कारंजी

तळ्याचा विषय निघाला की पंचायतीत पहिली सूचना येते गाळ काढायची. उद्योग खात्रीच्या, म्हणजे रोजगार हमीच्या, कामात ते बसतं, गावाला मजुरी मिळते, फोटोही चांगले येतात. गाळ काढायला माझा विरोध नाही. पण पन्हळ तुटलेली असताना हंडा घासून काय उपयोग? बऱ्याच वेळा गाळ येतो तोच वरच्या उघड्या केलेल्या मुरमाड माळावरून. तो थांबवला नाही तर चार पावसांत पुन्हा तेवढाच.

सुशोभीकरण तर त्याहून फसवं. काठाला दगडी पिचिंग, भोवती फिरायला ट्रॅक, दिवे. ट्रॅकसाठी घातलेला भराव तळ्याच्याच पोटात जातो, आणि पाणी आत येण्याच्या जुन्या वाटा त्याच भरावाखाली बुजतात. बेळगावचा किल्ला तलाव घ्या. त्याच्या काठावरचा ११० मीटर उंचीचा ध्वजस्तंभ कोसावरून दिसतो. संध्याकाळी तिथं फिरायला आलेल्या कुणालाही विचारा, या तलावात पाणी कुठून येतं. मीही दहा वर्षं तिथं भेळ खाल्ली आणि हा प्रश्न एकदाही पडला नाही.

## ‘‘मग शेतकऱ्यानं जमीन विकूच नये?’’

सगळ्यांत अवघड प्रश्न हाच, आणि शहरातल्या फ्लॅटात बसून त्याचं उत्तर देणाऱ्यांचा मला राग येतो.

शहापूर, वडगाव, येळ्ळूर भागातला बासमती एके काळी नुसत्या वासावर विकला जायचा. आज रोप लागणीला माणसं मिळत नाहीत, नाल्याचं पाणी दोन वर्षांआड पीक नेतं, आणि नाला तुंबतो तो वरच्या वस्तीच्या सांडपाण्यानं आणि गाळानं. म्हणजे पहिल्या शेतकऱ्यानं जमीन विकली की दुसऱ्याची शेती तोट्यात जायला लागते, मग तोही विकतो. त्यात २०२० च्या दुरुस्तीनंतर कर्नाटकात शेतकरी नसलेल्यालाही शेतजमीन विकत घेता येते. आधी ती अडचण होती. गिऱ्हाईक वाढलं, भाव वाढले. मुलीचं लग्न, मुलाचं शिक्षण, दवाखाना समोर असताना गुंठ्याचा भाव सांगणाऱ्या एजंटला परत पाठवणारा माणूस मला तरी फारसा भेटला नाही.

आमच्या चर्चेतून एवढंच पुढं आलं: जमीन विकायला हरकत नाही, ओढा विकायला आहे. दहा एकरांतून जाणारा ओढा त्याच्या पूर्ण रुंदीसह मोकळा ठेवला, दोन्ही बाजूंना झाडी राहू दिली, ले-आऊटमधल्या बागेची जागा कुठल्या तरी कोपऱ्यात न देता ओढ्याला लागून दिली, तर प्लॉट फार तर दोन-चार कमी होतात. छपरांवरचं पाणीही थोडंथोडकं नसतं. ३० बाय ४० च्या प्लॉटवर वर्षाला १२०० मिलिमीटर पाऊस धरला तर सव्वा लाख लिटरहून जास्त पाणी पडतं. त्यातलं अर्धं जरी आपल्या बोअरशेजारी मुरवलं, तरी खालच्या तळ्यावर उपकार होतील, बोअरवर तर होतीलच.

## कागद कुठं मिळतात, अर्ज कसा द्यायचा

मोर्चा काढण्याआधी गावनकाशा काढा. भूमापन खात्याचा जुना गावनकाशा ऑनलाइन मिळतो. त्यात ओढे दुहेरी रेषांनी दाखवलेले असतात. मोबाइलवर ‘दिशांक’ ॲप घाला. ओढ्यात उभं राहून ते उघडलं की आपण कुठल्या सर्व्हे नंबरात उभे आहोत ते दिसतं. हे काम भर पावसात करा. वाहत्या पाण्याचा तारखेसह काढलेला व्हिडिओ दहा अर्जांना भारी पडतो.

तळं कुणाचं हेही आधी ठरवा, नाहीतर अर्ज टोलवले जातात. साधारणपणे ज्याच्या पाण्यावर ४० हेक्टरपेक्षा कमी जमीन भिजते तो तलाव पंचायतराजकडे, त्याहून मोठा लघु पाटबंधारे खात्याकडे. बुडाचा नवा आराखडा जाहीर होतो तेव्हा हरकतींसाठी मुदत असते. ती नोटीस शोधत राहायला गावातल्या एका तरी शिकलेल्या पोराला कामाला लावा. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो आणि तीस दिवसांत उत्तर यायला हवं. पण कर्नाटकच्या नियमानं अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर हवा. आपल्याकडे अर्जाची सुरुवात ‘सविनय कळविण्यात येते की’ अशी होऊन शब्द तिथंच संपतात.

भाषेची अडचण आपली नेहमीची. नोटीस कन्नडमध्ये, उतारा कन्नडमध्ये, नकाशावरची अक्षरं कन्नडमध्ये. घटनेच्या ३५० व्या कलमानं प्रत्येकाला गाऱ्हाणं मांडताना देशात किंवा राज्यात वापरात असलेली कोणतीही भाषा वापरण्याचा हक्क दिलाय, त्यामुळे मराठी अर्ज ‘घेत नाही’ असं कुणी म्हणू शकत नाही. मात्र तळ्याच्या कामात आम्ही मराठी अर्जाला कन्नड प्रत जोडून दिली. ती प्रत लिहून दिली शेजारच्या गावातल्या एका कन्नड मास्तरांनी, कारण त्यांची विहीरही त्याच ओढ्याच्या खाली आहे.

आमच्या अर्जावर चार महिन्यांनी सर्व्हेअर आला. नकाशात ओढा चांगला बैलगाडी वळेल एवढा रुंद. जागेवर मुरमाखाली दोन फुटी सिमेंटचा पाइप. त्यानं साखळी टाकली, चुन्याची रेघ ओढली, पंचांच्या सह्या घेतल्या. ग्रामसभेतले ते तात्या छत्री घेऊन शेवटपर्यंत उभे होते. रेघ त्यांच्या पुतण्यानं घेतलेल्या प्लॉटच्या बरोबर मधून गेली. ते काहीच बोलले नाहीत. पहिल्या वळवात चुना धुऊन गेला. आता दगड रोवून मिळावेत म्हणून दुसरा अर्ज दिलाय, आणि त्यावर तात्यांचीही सही आहे.